लॅपटॉपचा मेंदू बदलता येतो का?

मी नेकनूरहून बोलतेय. बीडहून मांजरसुंबा आणि तिथून केजच्या रस्त्याला लागलं की आमचं बाजाराचं गाव लागतं. आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. पण हा राजाराणीचा इतिहास नाही. नखाएवढ्या एका तुकड्याचा आहे, आणि तो मला का शोधावा लागला ते आधी सांगते.

आमच्या बचत गटाकडे एक लॅपटॉप आहे. जुनाच घेतला होता, वापरलेला. हप्ते, कर्ज, व्याज, बँकेत भरलेली रक्कम, सगळं त्यात. आमच्या निम्म्या बाया दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. पाच-सहा महिने त्यांचा पैसा गावात आणि त्या फडात. त्यांना फोनवर हिशेब सांगायचा तर लॅपटॉप चालू पाहिजे. म्हणून हे यंत्र आमच्यासाठी शोभेचं नाही.

गेल्या ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. लॅपटॉप इतका हळू झाला की चालू करून चहा ठेवावा, चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. आणि दुसरं, त्यावर निरोप यायला लागला की विंडोज १० ची मुदत संपली. ही तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवसापासून विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले. आमच्या एका ताईंनी शहरात एका दुरुस्तीवाल्याला लॅपटॉप दाखवला. तो म्हणाला, "ताई, ह्याचा प्रोसेसर जुना झाला. नवीन पिढीचा टाकून देतो, नऊ हजार द्या. नव्यासारखा पळेल."

नऊ हजार! सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलेलं, मुकादमाची उचल घेऊन बाया निघायच्या तयारीत, आणि गटाच्या पेटीतून नऊ हजार काढायचे. बैठक बसली. कुणी म्हणालं देऊन टाका, नवीन घ्यायला गेलं तर चाळीस हजार लागतील. एक मावशी म्हणाल्या, "माय, गिरणीचं जातं झिजलं की दुसरं बसवतात. मग ह्याचं कामून बसणार नाही?" प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र कुणाजवळच नव्हतं. मी एमएस-सीआयटी केलेली, म्हणून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मलाही येत नव्हतं. मी म्हणाले, मला आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत मी जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी प्रोसेसर म्हणजे काय ते बघू. लॅपटॉप उघडला की आत एक हिरवी किंवा काळी पाटी दिसते, तिला मदरबोर्ड म्हणतात. त्या पाटीवर पंख्याजवळ, तांब्याच्या पट्टीखाली एक चपटा चौकोन असतो. तो प्रोसेसर. बेरीज-वजाबाकीपासून चित्र दाखवण्यापर्यंत जी आज्ञा येईल ती पार पाडायची, हे त्याचं काम. गिरणीत दगड करतो ते काम हा करतो. बाकी मेमरी म्हणजे पसरायची परात, आणि हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कणगी. ही तिन्ही नावं लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतील.

आता इतिहास. आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू करू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९५० च्या दशकात देशातल्या पहिल्या संगणकांपैकी एक आपल्याच लोकांनी बांधला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्या काळी प्रोसेसर नावाचा तुकडा नव्हताच. टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० काचेच्या नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. सगळं मिळून ती नळ्यांची कपाटं म्हणजेच मेंदू. एखादी नळी गेली की ती काढायची आणि दुसरी खोचायची. म्हणजे बघा, सुरुवातीला मेंदूचा कणन् कण बदलता येत होता. माणूस यंत्राच्या आत हात घालू शकत होता.

मग आलं १९७१. आपल्याकडं ज्या दुष्काळाची गोष्ट आपल्या आया-आज्या अजून सांगतात, त्या १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आपल्या बाया खडी फोडायला जाणार होत्या आणि अमेरिकेत इंटेल नावाच्या कंपनीनं नखाएवढ्या तुकड्यावर अख्खा मेंदू बसवला. नाव ४००४. एका जपानी कंपनीच्या हिशेबाच्या यंत्रासाठी, म्हणजे कॅलक्युलेटरसाठी, तो बनवला होता. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. टिफ्रॅकच्या कपाटभर नळ्या आणि हा तुकडा, मोजदाद जवळजवळ सारखी! इथं एक फरक पडला, तो ध्यानात घ्या. नळी एकेक बदलता येत होती. ह्या तुकड्याच्या आतलं काहीच बदलता येत नाही. बदलायचा तर अख्खा तुकडा बदलायचा.

पण अख्खा तुकडा बदलणं तरी सोपं होतं. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा घरगुती-कचेरीचा संगणक आला. त्यात ८०८८ नावाचा प्रोसेसर होता, आणि तो पाटीवर चिकटवलेला नव्हता. त्याच्यासाठी खोबण होती, तिला सॉकेट म्हणतात. शेजारी आणखी एक खोबण रिकामीच ठेवली होती. ज्याला मोठी गणितं करायची त्यानं ८०८७ नावाचा जोडीदार तुकडा विकत आणून त्यात बसवावा. पुढं एनईसी ह्या जपानी कंपनीनं व्ही-२० नावाचा तुकडा काढला, तो ८०८८ च्याच खोबणीत बसायचा आणि थोडा जोरात पळायचा. १९९२ मध्ये तर इंटेलनं स्वतःच 'ओव्हरड्राइव्ह' नावाचे प्रोसेसर विकायला काढले. जुना संगणक टाकू नका, फक्त त्याचा मेंदू बदला, असा तो माल होता. खोबणीला दांडी असायची. दांडी उचलली की तुकडा मोकळा, खाली दाबली की घट्ट. म्हणजे "प्रोसेसर बदलून मिळेल" ही गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही. एके काळी ती खरीच होती.

आता पुण्याची गोष्ट सांगते, कारण ह्याच प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला तिथं सापडलं. १९८० च्या दशकात आपल्या देशाला हवामानाचा अंदाज, संशोधन अशा कामांसाठी महासंगणक पाहिजे होता. अमेरिका हवा तसा द्यायला तयार होईना. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेला माणूस. तीन वर्षांत, १९९१ मध्ये, 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यांनी एक मोठा मेंदू बनवला नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर घेतले आणि ते एकमेकांना जोडून एकाच वेळी कामाला लावले. आपल्याकडं सावड करतात ना, तसंच. एकीच्या रानात सगळ्या मिळून खुरपायचं, मग दुसरीच्या. एकटीनं जे आठ दिवसांत व्हायचं ते एका सकाळी होतं.

पण इथंही जुना होण्याचा प्रश्न आलाच. परदेशी कंपनीच्या एकाच प्रोसेसरवर यंत्र बांधलं आणि त्या कंपनीचा पुढचा प्रोसेसर रखडला, तर आपलंही रखडतं. ट्रान्सप्युटरच्या पुढच्या पिढीचं तसंच झालं, ती वेळेवर आली नाही. पुण्याच्या लोकांनी 'परम ८६००' मध्ये इंटेलचा आय-८६० हा दुसरा, जास्त ताकदीचा प्रोसेसर जोडीला घेतला. आणि १९९४ मध्ये 'परम ९०००' दाखवला तेव्हा त्याची बांधणीच अशी केली की उद्या नवा प्रोसेसर आला तर तो सहज बसवता यावा. त्याच यंत्राचे पुढं तीन प्रकार झाले. एकात सुपरस्पार्क, एकात अल्ट्रास्पार्क, एकात अल्फा. सांगाडा तोच, मेंदू वेगळा. पुढं २०१३ मध्ये 'परम युवा' ला सी-डॅकनं तीन महिन्यांत नवं रूप दिलं आणि 'परम युवा-दोन' केला. त्याची ताकद जवळजवळ दहा पटीनं वाढली आणि वीज आधीपेक्षा कमी लागायला लागली.

मैत्रिणींनो, ह्यातून मला एक गोष्ट कळली. यंत्राचा मेंदू पुढं बदलता येईल की नाही, हे यंत्र बनवतानाच ठरतं. दुरुस्तीवाल्याच्या हाताला कितीही जस असो, घराला दार ठेवलंच नसेल तर नंतर आत जाणार कुठून? पुण्यात त्यांनी दार ठेवलं होतं. आपल्या लॅपटॉपला ते ठेवलंय का, हा खरा प्रश्न.

तर आता लॅपटॉपकडं येऊ. ह्याचं उत्तर एका वाक्यात असं: दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दार होतं, नंतर ते बंद झालं.

२००३ च्या सुमारास इंटेलचा पेंटियम-एम हा खास लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आला. तो बऱ्याच लॅपटॉपमध्ये खोबणीत बसायचा. २००६ नंतरचे कोअर टू ड्युओ, मग आय-३, आय-५, आय-७ ह्यांच्या पहिल्या चार पिढ्या, ह्यांतले कितीतरी प्रोसेसर खोबणीतलेच. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर मोकळा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या खोबणीला ९८८ भोकं होती, चौथ्या पिढीच्या खोबणीला ९४६. म्हणजे दोन्हींची अदलाबदल होत नाही, हेही इथंच लक्षात घ्या. लेनोव्होचा २०१२ चा थिंकपॅड टी-४३० आणि २०१३ चा टी-४४०पी हे खोबणीवाले. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले असे लॅपटॉप जुन्या बाजारात अजून फिरतात.

त्याच काळात वारं बदलत होतं. २००८ मध्ये ॲपलनं कागदाच्या पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला, इतका तो पातळ होता. २०११ मध्ये इंटेलनं 'अल्ट्राबुक' म्हणून पातळ लॅपटॉपची टूमच काढली. आता पातळ करायचं तर खोबणीची उंची नडते. काही मिलिमीटरच असते, पण तिथं मिलिमीटरचाच हिशेब. शिवाय वीज कमी लागावी, बॅटरी जास्त चालावी म्हणून प्रोसेसर आणि त्याच्या सोबतचा चिपसेट एकाच चौकोनात एकत्र आले. खोबण काढली की कारखान्याचा खर्चही वाचतो. आणि कुणी बोलून दाखवो न दाखवो, मेंदू बदलता आला नाही की गिऱ्हाईक नवा लॅपटॉप घ्यायला येतं, हाही कंपनीचा फायदाच.

मग पाचव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१५ पासून, इंटेलनं लॅपटॉपसाठी खोबणीतले प्रोसेसर काढणंच बंद केलं. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरवाल्या लॅपटॉपचंही तेच. सोनार तुटलेली कडी जशी झाळतो, तसा प्रोसेसर पाटीला झाळलेला असतो. आणि एका टोकाला झाळायचं असतं तर सोपं होतं. आमच्या लॅपटॉपमध्ये जो प्रोसेसर निघाला, त्याच्या पोटाला झाळायचे १,१६८ बारीक मणी आहेत. राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. त्यातला एक जरी नीट बसला नाही, तरी सगळं बंद पडू शकतं.

मी बायांना असं सांगितलं: जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे बांगडी. मापाची मिळाली तर काढून दुसरी भरता येते. नव्या लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे गोंदण. ते हातासोबतच राहतं. मग त्या मावशी म्हणाल्या, "मंजी आधी बघायचं, बांगडी हाय का गोंदण." अगदी बरोबर!

आणि मावशींच्या त्या शब्दात दुसरीही गोष्ट आली, मापाची. बांगडी असली तरी कुठलीही चढत नाही. टी-४३० सारख्या खोबणीवाल्या लॅपटॉपमध्ये आय-५ काढून त्याच पिढीचा आय-७ बसवता येतो, लोक बसवतातही. पण तीन गोष्टी जुळाव्या लागतात. खोबण तीच पाहिजे. लॅपटॉपच्या पाटीत जो मूळ आज्ञावलीचा भाग असतो, त्याला बायॉस म्हणतात, त्यानं नव्या प्रोसेसरला ओळखलं पाहिजे. आणि नवा प्रोसेसर जितका तापेल तितकी उष्णता त्या पंख्यानं बाहेर टाकली पाहिजे. पस्तीस वॉटचा काढून पंचेचाळीसचा बसवला आणि पंखा तोच ठेवला, तर तापून तो स्वतःच हळू चालायला लागतो. आणि एवढं करून पिढी तीच राहते. तिसऱ्या पिढीच्या जागी आठव्या पिढीचा प्रोसेसर कुठल्याच लॅपटॉपमध्ये बसत नाही. बाजरीच्या पेरणीत मूठ भरून ज्वारी टाकली तर ज्वारी उगवेल, पण यंत्राच्या बाबतीत तसं चालत नाही.

कुणी म्हणेल, अगदीच कुठं नाही का? आहेत काही जाडजूड, महागडे लॅपटॉप, ज्यांत टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर खोबणीत बसवतात. खेळ खेळणाऱ्यांसाठी असतात. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीनं असा लॅपटॉप काढला आणि पुढं प्रोसेसर बदलता येईल असा गाजावाजा केला. पण पुढच्या पिढीच्या प्रोसेसरची खोबणच बदलली, तो काही बसेना. २०२१ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाईक त्यावरून कोर्टात गेलं. म्हणजे शिकलेली, पैसेवाली माणसंही ह्यात फसतात. आपल्याला कळलं नाही तर त्यात लाज नाही. न विचारण्यात मात्र नुकसान आहे.

आता तुमचा लॅपटॉप कसला, ते कसं बघायचं? सोपं आहे. लिहून घ्या. कीबोर्डवर खाली चार चौकोनांच्या चित्राची विंडोजची कळ असते. ती दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिथं डी, एक्स, डी, आय, ए, जी अशी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. जी माहिती येईल त्यात प्रोसेसरचं नाव असतं. आमच्या लॅपटॉपमध्ये आलं, इंटेल कोअर आय-५, पुढं ५२००, आणि शेवटी यू. आकडा पाचानं सुरू झाला म्हणजे पाचवी पिढी. आठनं सुरू झाला तर आठवी. दहा, अकरा, बारा असे दोन अंक सुरुवातीला आले तर ती पिढी दहावी, अकरावी, बारावी. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलनं नावाची पद्धत बदलली, पण आपल्याकडं असतात त्या जुन्या लॅपटॉपना हाच हिशेब लागू पडतो.

शेवटचं अक्षरही बोलतं. यू असेल तर तो झाळलेला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीत शेवटी एम किंवा क्यूएम, एमक्यू असेल तर खोबणीतला असण्याची शक्यता बरीच. तरी नक्की करायचं तर त्या मॉडेलचं नाव घालून शोधावं किंवा डोळ्यांनी बघावं, कारण एम अक्षराचेही काही प्रोसेसर झाळलेले निघतात. आणि पाचव्या पिढीच्या पुढं काहीही असो, साधारण लॅपटॉपमध्ये गोंदणच.

म्हणजे आमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमचा प्रोसेसर पाचव्या पिढीचा, यू अक्षराचा, १,१६८ मण्यांनी झाळलेला. त्यात "नवीन पिढीचा प्रोसेसर" बसूच शकत नाही. मग तो दुरुस्तीवाला नऊ हजार कशाचे मागत होता? मी फोन करून विचारलं, "दादा, हा झाळलेला आहे ना? मग तुम्ही काढणार कसा?" थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, अख्खा मदरबोर्ड बदलतो, ह्याच मॉडेलचा आय-७ वाला." मी विचारलं, "आय-७ कितव्या पिढीचा?" म्हणाला, "पाचव्या." आता बघा. जुन्या बाजारातली दुसरी जुनी पाटी, तीही पाचव्याच पिढीची. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे नऊ हजार घालून मुदतीचा प्रश्न जिथल्या तिथं राहिला असता. त्यानं मुद्दाम फसवलं की त्यालाही पुरतं माहीत नव्हतं, ते मी सांगू शकत नाही. पण आमची पेटी वाचली ती दोन साध्या प्रश्नांनी.

मग लॅपटॉप हळू का होता? ह्यासाठी सुरुवातीची तिन्ही नावं आठवा. दगड, परात आणि कणगी. आमच्या गिरणीचा दगड ठीक होता. कणगी खराब होती. आत जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी बसवतात, त्यात काहीच फिरत नाही, म्हणून माहिती पटकन सापडते. परातही लहान होती, चार जीबीची. ती आठ केली. पंख्यातली धूळ साफ केली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप काढून नवा लावला. सगळे मिळून साडेतीन हजार गेले. आता चहाला आधण यायच्या आत लॅपटॉप चालू होतो. मेंदू तोच आहे बरं का.

एसएसडी बसवण्याआधी आम्ही गटाच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि हिशेबाचे कागद छापूनही ठेवले. हे विसरू नका. कणगी बदलताना धान्य सांडू द्यायचं नाही.

मुदतीचं काय? त्यालाही वाटा आहेत. मायक्रोसॉफ्टकडं नोंदणी केली तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय त्यांनी जाहीर केलेली आहे. दुसरी वाट लिनक्सची. ही फुकट मिळणारी प्रणाली जुन्या यंत्रांवरही चालते. आपल्या सी-डॅकनंच 'बॉस' नावाची लिनक्सवरची प्रणाली काढली आहे आणि त्यात मराठीत काम करता येतं. ज्यांनी परम बांधला, त्याच संस्थेचं हे काम. ऑनलाइन पैशांचे व्यवहार त्या लॅपटॉपवर करत असाल, तर मुदत संपल्यावर ही गोष्ट टाळू नका. आम्ही सध्या नोंदणी केली आहे आणि दरम्यान दोघी जणी लिनक्स शिकतोय.

आता थोडं पुढचं. बंद झालेलं दार पुन्हा उघडेल का? जगात त्यासाठी धडपड चालू आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं असा लॅपटॉप काढला की त्याची पाटीच सहज बदलता यावी. पुढच्या वर्षी त्यांनी बाराव्या पिढीचा प्रोसेसर असलेली पाटी विकायला आणली, ती आधीच्या लॅपटॉपच्या सांगाड्यात बसली. पडदा तोच, कीबोर्ड तोच, मेंदू नवा. प्रोसेसर अजून झाळलेलाच आहे, पण पाटी बांगडीसारखी झाली. पुण्यात १९९४ मध्ये परम ९००० बांधणाऱ्यांनी हाच विचार केला होता.

फ्रान्सनं २०२१ पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर, ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, त्याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडंही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ह्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळ सुरू झालं. कंपन्यांनी सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, दुरुस्ती केंद्रं ह्यांची माहिती एका ठिकाणी द्यावी, हा त्यामागचा हेतू. शेतीची अवजारंही त्यात घेतलेली आहेत, म्हणजे हा शहरातल्या लोकांपुरता विषय नाही. ट्रॅक्टर असो की लॅपटॉप, आपल्या घामाच्या पैशाची वस्तू आपल्याला उघडता आली पाहिजे.

आणि लॅपटॉप खरंच संपला, तर तो भंगारात देऊन जाळायला लावू नका. तांबं काढायला जाळतात, तो धूर लेकरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या ठिकाणीच तो द्यावा.

शेवटी, दुकानात जाताना चार प्रश्न वहीत लिहून न्या. एक, ह्या लॅपटॉपचा प्रोसेसर खोबणीतला आहे की झाळलेला? दोन, तुम्ही बसवणार तो कितव्या पिढीचा? तीन, तो बसवल्यावर विंडोज ११ चालेल का, तसं बिलावर लिहून द्याल का? चार, काढलेला जुना भाग मला परत द्याल का? जो दुकानदार प्रामाणिक आहे, तो ह्या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तुमच्याशी नीट बोलतो.

बाया निघायच्या आदल्या रात्री आमची बैठक झाली. ट्रॅक्टर दारात उभे होते, बोचकी बांधलेली होती. मी लॅपटॉप चालू केला आणि प्रत्येकीचं खातं पडद्यावर काढून तिला दाखवलं. नऊ हजारांतले साडेपाच हजार पेटीतच राहिले, तेही दाखवले. त्या मावशी सगळ्यात शेवटी आल्या. आपलं नाव पडद्यावर बघितलं, आकडा दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "आता फडातून फोन केला तर लगेच सांगशील ना?"

मी म्हटलं, लगेच.

बरं मैत्रिणींनो, आज इथंच थांबते. तुमच्या गटाच्या लॅपटॉपवरचं ते नाव आणि आकडा आजच बघून वहीत लिहून ठेवा.